चालणं अवघड असलेल्या माणसाला घेऊन क्रूझला जाताना: आधी पायऱ्या, मग तारखा

जाहिरातीत दिसतो तो डेकवरचा सूर्यास्त. पण ज्या व्यक्तीचे गुडघे गेलेत, पक्षाघातानंतर जिला एका बाजूने आधार लागतो किंवा पार्किन्सनमुळे जिची पावलं अडखळतात, तिची सहल ठरते ती बाथरूमच्या उंबऱ्यावर, गँगवेच्या, म्हणजे जहाजात चढण्या-उतरण्याच्या पुलाच्या, चढावर आणि हलत्या बोटीत टाकायच्या एका पावलावर. एरवी अशा माणसासाठी क्रूझसारखी सोयीची सहल क्वचितच सापडेल. सामान एकदाच उघडायचं, जेवण आणि करमणूक एकाच छताखाली, मजले चढायला लिफ्ट, दमलं की थोड्या वेळात आपल्याच पलंगावर. सगळी गोची होते ती प्रवासाच्या सांध्यांवर: गाडीतून टर्मिनलमध्ये, टर्मिनलमधून जहाजात, जहाजातून किनाऱ्यावर. या प्रत्येक सांध्यावर किती पायऱ्या, किती मीटर आणि हात द्यायला कोण, हे पैसे भरण्याआधी कळायला हवं. पुढची उदाहरणं मराठी घरांतून जास्त केल्या जाणाऱ्या दोन सफरींची आहेत: मुंबईहून गोवा, कोची किंवा लक्षद्वीपला जाणारी आणि सिंगापूरहून तीन-चार रात्रींसाठी निघणारी.

घरच्या घरी मोजमाप

“आई तशी चालते हो” या वाक्यावर काहीही बुक करू नका. घरातलं चालणं भिंतीला, टेबलाला, ओट्याला हात लावत होतं. जहाजावरच्या लांब कॉरिडॉरमधलं वेगळं. चार गोष्टी कागदावर लिहा. न थांबता किती मीटर चालता येतं? कठडा धरून किती पायऱ्या चढता आणि उतरता येतात? (उतरणं वेगळं मोजा, गुडघेदुखीत तेच जास्त जड जातं.) रांगेत किती मिनिटं उभं राहता येतं? आणि हात न देता खुर्चीतून, पलंगावरून, कमोडवरून उठता येतं का?

अंतराचा अंदाज यावा म्हणून दोन आकडे. मुंबईहून चालणारं कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज २११ मीटर लांब आहे. सिंगापूरहून निघणारं ‘जेंटिंग ड्रीम’ ३३५ मीटर. जेवणाची जागा एका टोकाला आणि नाट्यगृह दुसऱ्या टोकाला निघालं, तर रात्रीच्या एका फेरीतच अर्ध्या किलोमीटरच्या आसपास चाल होते. घरी शंभर मीटरवर थांबावं लागणाऱ्या माणसाला जहाजावर व्हीलचेअर लागणारच, एरवी नुसती काठी पुरत असली तरी.

आता एक छोटी चाचणी. दोन जड खुर्च्या, पाठी एकमेकींकडे करून, मध्ये बावीस इंचांची फट ठेवून उभ्या करा आणि वॉकर किंवा काठी घेऊन त्या फटीतून जायला सांगा. ही साधारण केबिनच्या दाराची रुंदी. मग जमिनीवर दोन पाट एकावर एक ठेवा आणि दाराची चौकट धरून ते ओलांडायला सांगा. हा जहाजातल्या साध्या बाथरूमचा उंबरा. दोन्ही सहज जमलं तर केबिनचे बरेच पर्याय खुले राहतात. पाट ओलांडताना पाय घासला किंवा तोल गेला, तर पुढचा सगळा शोध फक्त ॲक्सेसिबल, म्हणजे व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी बनवलेल्या, केबिनचाच.

यात एक नाजूक भाग असतो. व्हीलचेअर म्हणजे आपण ‘त्यातले’ झालो, असं वाटून बाबा ठाम नकार देतात. वाद घालू नका. “चालायचं तेव्हा चालाच, खुर्ची फक्त लांबच्या अंतराला,” एवढं म्हटलं तर बहुतेकांना पटतं. आणि खुर्चीच्या मागचं हँडल धरून चालायचं असेल, तर खुशाल चालू द्या. रिकामी खुर्ची ढकलणं हाही एक वॉकरच आहे. फक्त ब्रेक कुठे आणि कसा लावायचा हे आधी दाखवून ठेवा.

मार्ग निवडताना एकच मोठा प्रश्न

जहाज बंदरात धक्क्याला लागणार की बाहेर नांगर टाकून उभं राहणार? धक्क्याला लागलं तर गँगवेवरून व्हीलचेअर ढकलत खाली आणता येते. नांगरून उभं राहिलं तर जहाजाच्या पोटातल्या दारातून छोट्या बोटीत उतरावं लागतं. या बोटींना टेंडर म्हणतात. जहाज स्थिर असतं, बोट वर-खाली होत असते. मधली फट कधी वितभर, कधी हातभर. दोन खलाशी दंड धरतात आणि “आता” म्हटल्यावर पाऊल टाकायचं असतं. ज्याला सांगितल्याबरोबर पाय उचलता येत नाही, त्याच्यासाठी सगळ्या सफरीतलं धोक्याचं ठिकाण ते हेच. पार्किन्सनच्या रुग्णाचा पाय नेमका अशा फटीपाशी गोठतो.

बहुतेक क्रूझ कंपन्यांचा नियम असा, की टेंडरमध्ये जाणाऱ्याला निदान दोन-चार पावलं स्वतः टाकता आली पाहिजेत. खलाशी माणसाला उचलून नेत नाहीत, बॅटरीची जड स्कूटर बोटीत घेत नाहीत, आणि समुद्र खवळलेला असेल तर ऐनवेळी नाही म्हणायचा अधिकार कप्तानाचा. हे भांडून बदलत नाही.

मुंबईच्या सफरींत लक्षद्वीप हे बोटीने उतरण्याचं ठिकाण आहे. बेटांभोवती प्रवाळाची कडं असल्याने मोठं जहाज बाहेरच थांबतं. उथळ निळं पाणी डोळ्यांना कितीही मोह घालो, उभं राहता न येणाऱ्या सोबत्यासाठी तो दिवस जहाजावरूनच बघायचा. गोव्यात जहाज मुरगाव बंदराच्या धक्क्याला लागतं, कोचीतही धक्का आहे. सिंगापूरहून निघाल्यावर मलेशियातल्या पेनांगला जहाज स्वेटनहॅम पिअरला, म्हणजे जॉर्जटाउनच्या अगदी दाराशी लागतं. क्वालालंपूरसाठी असलेलं पोर्ट क्लांगही धक्क्याचंच. फुकेतला मात्र बरीच जहाजं पातोंगच्या समुद्रात नांगर टाकतात. पुढे कधी ग्रीसचा विचार केलात तर सांतोरिनी याच यादीतलं: आधी टेंडर, मग कड्यावर जायला केबल कार किंवा पाचशेहून अधिक पायऱ्या.

बुकिंगच्या आधी दर बंदरापुढे ‘धक्का’ किंवा ‘बोट’ असं लिहून देण्याची मागणी ईमेलवर करा. फोनवर एजंट “सगळीकडे व्यवस्था आहे” म्हणतो. त्याचा अर्थ काहीही होऊ शकतो.

धक्का आहे म्हणजे प्रश्न संपला, असंही समजू नका. गँगवेचा चढ भरती-ओहोटीप्रमाणे बदलतो. मुंबईत उधाणाच्या दिवसांत पाण्याच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. सकाळी सौम्य असलेला उतार दुपारी छातीवर येऊ शकतो. ढकलणारा तुम्ही एकटाच असाल आणि खुर्चीतला माणूस सत्तर किलोंचा, तर खलाशाला बोलवा, लाजू नका. उतरताना खुर्ची उलटी फिरवून, माणसाची पाठ उताराकडे ठेवून न्यायची. सरळ नेली तर माणूस पुढे घसरतो.

ऋतूचंही बघा. अरबी समुद्र जून ते सप्टेंबर खवळलेला असतो; पश्चिम किनाऱ्यावर नोव्हेंबर ते मार्च हा काळ शांत. सिंगापूरहून पेनांगकडे जाणारी मलाक्काची सामुद्रधुनी सुमात्रा आणि मलेशिया यांच्या कुशीत असल्याने तिथे मोठ्या लाटा सहसा नसतात. तोल सांभाळणं जड जाणाऱ्या माणसाची पहिली क्रूझ म्हणून हा मार्ग आम्हाला जास्त पटतो, विमानप्रवासाचा खर्च धरूनही.

केबिन: इंचांचा हिशेब

साध्या केबिनचं दार बऱ्याच जहाजांवर बावीस-तेवीस इंचांचं असतं. ॲक्सेसिबल केबिनचं साधारण बत्तीस इंचांचं. आता घरातली व्हीलचेअर मोजा, पण सीट मोजू नका. चाकांच्या बाहेर जी हाताने फिरवायची कडी असते, त्या एका कडीपासून दुसऱ्या कडीपर्यंत टेप लावा. दुकानात ‘अठरा इंची’ म्हणून मिळणारी खुर्ची बाहेरून पंचवीस-सव्वीस इंच भरते. म्हणजे साध्या केबिनच्या दारातून ती उघडी जाणार नाही. माणसाला दारात उभं करून खुर्ची मिटायची आणि मग दोघांनी आत जायचं. रोज सात-आठ वेळा. मागची चाकंही लहान असलेली, दुसऱ्याने ढकलायची खुर्ची बाहेरून अरुंद आणि वजनाला हलकी असते. भाड्याने घ्यायची असेल तर तीच घ्या. आणि “खुर्ची बाहेर कॉरिडॉरमध्ये लावू” हा मार्ग बंद आहे: आग लागली तर तीच सुटकेची वाट, म्हणून तिथे काहीही ठेवू देत नाहीत.

खरी ॲक्सेसिबल केबिन म्हणजे काय, ते नीट विचारून घ्या. खोलीत आणि बाथरूममध्ये खुर्ची फिरवायला पाच फुटांचं वर्तुळ, उंबरा नसलेलं बाथरूम, खुर्चीसकट आत जाता येईल असा शॉवर, भिंतीला घडी होणारी बसायची फळी, कमोडच्या दोन्ही बाजूंना दांडे, कपाटातली दांडी हाताच्या उंचीवर. काही जहाजांवर याच नावाखाली दुसरा प्रकार असतो: दार रुंद, पण शॉवरला उंबरा आणि पडदा. थोडंफार चालणाऱ्याला तो पुरतो, खुर्चीतून अजिबात न उठणाऱ्याला नाही. बाल्कनी घेणार असाल तर बाल्कनीच्या दाराला उंबरा आहे का आणि त्यावर रॅम्प मिळतो का, हेही. हे न विचारल्यामुळे बाल्कनीचे पैसे भरून काचेतून समुद्र बघणारे खूप असतात.

अशा केबिन प्रत्येक जहाजावर मोजक्याच असतात, आणि त्या आधी संपतात. दिवाळी किंवा मे महिन्याच्या सुट्टीसाठी सहा ते नऊ महिने आधी हात घाला. ‘एम्प्रेस’ १९९०मध्ये बांधलेलं जहाज आहे. त्या काळातल्या जहाजांच्या केबिन आजच्या जहाजांपेक्षा लहान असत, त्यामुळे तिथे केबिनचा क्रमांक घेऊन, त्या नेमक्या खोलीची मापं मागूनच पैसे भरा.

जागा कुठली? जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर हेलकावे कमी जाणवतात. लिफ्टपासून वीस-तीस पावलांवर, पण लिफ्टच्या अगदी समोर नको, रात्री बारापर्यंत तिथे गलका असतो. वरच्या मजल्यावर डिस्को किंवा स्वयंपाकघर नाही ना, तेही डेकच्या नकाशावर बघता येतं. पलंग एकत्र हवेत की वेगळे, हे आधीच कळवा. वेगळे केले की मधली जागा अरुंद होते आणि वॉकर अडतो. एकत्र ठेवून ज्या बाजूने रुग्ण उठतो ती बाजू मोकळी ठेवायला सांगणं बरं.

बुकिंग झालं की कंपनीचा ‘स्पेशल नीड्स’ फॉर्म भरायचा असतो. एजंट भरतो म्हणाला तरी त्याची प्रत मागा. कमोडवर बसवायची उंच सीट, शॉवरचं स्टूल, औषधांसाठी फ्रिज, धारदार सुयांसाठी डबा, मऊ किंवा जैन जेवण हे सगळं त्याच फॉर्ममध्ये जातं. केबिनमधला छोटा फ्रिज बऱ्याचदा नुसता पेयं गार ठेवण्यापुरता असतो. इन्सुलिन त्याच्या भरवशावर ठेवू नका. डायलिसिस लागणाऱ्यांनी साध्या क्रूझचा विचार डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करूच नये, जहाजाच्या दवाखान्यात ती सोय धरून चालता येत नाही. ऑक्सिजन लागत असेल तर विमान कंपनी आणि क्रूझ कंपनी दोघांचीही लेखी परवानगी वेगवेगळी लागते.

खुर्ची, बॅटरी आणि बॅगेतल्या बारीक गोष्टी

जहाजावरच्या व्हीलचेअर चढण्या-उतरण्यापुरत्या आणि आणीबाणीसाठी असतात. दिवसभर वापरायला मिळत नाहीत, याची कल्पना नसल्याने पहिल्याच संध्याकाळी अनेकांचं बिनसतं. स्वतःची न्या किंवा भाड्याने घ्या.

बॅटरीची खुर्ची विमानाने न्यायची असेल तर बॅटरीवरचे आकडे वाचा. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॅट-अवर. २४ व्होल्ट, १० अँपिअर-अवर म्हणजे २४० वॅट-अवर. काढता येणाऱ्या लिथियम बॅटरीला विमानात ३०० वॅट-अवरची मर्यादा आहे. दोन बॅटऱ्यांवर चालणारी खुर्ची असेल तर प्रत्येकी १६०. २४ व्होल्ट, २० अँपिअर-अवरची बॅटरी ४८० होते, ती अडते. काढलेली बॅटरी हातातल्या सामानात, टोकांना चिकटपट्टी लावून. चेक-इनच्या बॅगेत टाकली तर काउंटरवर बॅग उघडावी लागणार. बॅटरीचं लेबल खरवडलं गेलं असेल तर कंपनीकडून पत्र आधीच घ्या, कारण आकडा दिसला नाही तर तपासणारा माणूस वाद घालत बसत नाही.

विमान कंपनीला व्हीलचेअर कळवताना नुसतं ‘व्हीलचेअर हवी’ म्हणू नका, तीन वेगळे प्रकार आहेत. डब्ल्यूसीएचआर: लांब चालता येत नाही, पायऱ्या चढता येतात. डब्ल्यूसीएचएस: पायऱ्या जमत नाहीत, विमानात सीटपर्यंत चालता येतं. डब्ल्यूसीएचसी: सीटपर्यंतही नेऊन बसवावं लागतं. संकेतस्थळावर पहिलाच पर्याय आपसूक निवडला जातो, आणि मग विमान एरोब्रिजला न लागता लांब मैदानात उभं असलं की शिडीपाशी सगळे थांबतात. योग्य प्रकार नोंदला असेल तर रॅम्प किंवा ॲम्बुलिफ्टची (खुर्ची विमानाच्या दारापर्यंत उचलणाऱ्या गाडीची) सोय आधीच लावली जाते. निदान ४८ तास आधी कळवा. स्वतःची खुर्ची असेल तर ती विमानाच्या दारापर्यंत वापरून तिथेच सोपवायची आणि उतरताना दारातच परत मिळावी असं टॅगवर लिहून घ्यायचं. गादी, पाय ठेवायच्या पट्ट्या आणि जे जे निखळतं ते काढून आपल्याबरोबर ठेवा. खुर्चीचा चारही बाजूंनी फोटो काढा, मोडतोड झाली तर तोच पुरावा.

जहाजावर भिंती बहुतेक धातूच्या असतात, त्यामुळे लोहचुंबकाचे हूक छान चिकटतात. पलंगाजवळ काठी, बाथरूमबाहेर टॉवेल, दाराशी पिशवी, म्हणजे वाकणं वाचतं. पण व्हॅक्यूमने चिकटणारे दांडे नेऊ नका. ते टॉवेलचं वजन पेलतात, पडणाऱ्या माणसाचं नाही. खिडकी नसलेल्या केबिनमध्ये दिवा घालवला की मिट्ट काळोख होतो, आणि रात्री बाथरूमला जाताना पडण्याची भीती तिथेच सगळ्यात जास्त. सेलवर चालणारे, हालचाल झाली की लागणारे दोन छोटे दिवे न्या: एक पलंगाखाली, एक बाथरूमच्या दाराशी. साध्या एक्स्टेन्शन कॉर्ड आणि सर्ज प्रोटेक्टर बहुतेक जहाजांवर सुरक्षा तपासणीत काढून घेतात. श्वासाचं यंत्र वापरणाऱ्यांनी लांब वायर आणि डिस्टिल्ड वॉटर जहाजाकडूनच मागून घ्यावं. पायात मागून बंद, रबरी तळव्याचे बूट. ओल्या डेकवर स्लीपर म्हणजे हाड मोडण्याचं आमंत्रण.

बोट लागू नये म्हणून घेतलेल्या ॲव्होमिनसारख्या गोळीने झोप येते आणि तोल आणखी जातो. वयस्क माणसाला ती देण्याआधी, रोजच्या रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्यांची यादी समोर ठेवून डॉक्टरांना विचारा, आणि पहिला डोस घरीच देऊन बघा.

कागद आणि विमा

सिंगापूरची सफर असेल तर व्हिसावर एकापेक्षा जास्त प्रवेश आहेत ना, हे स्वतः वाचा. जहाज सिंगापूर सोडून परत येतं, म्हणजे तुम्ही देशात दुसऱ्यांदा शिरता. एसजी अरायव्हल कार्ड येण्याच्या दिवसासकट तीन दिवसांच्या आत ऑनलाइन भरायचं असतं, विमानाने पोचताना एकदा आणि क्रूझवरून परतताना पुन्हा. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त हवी.

विम्याच्या बाबतीत स्वस्त पॉलिसीचा मोह टाळा. चालण्याची अडचण ही आधीपासूनचा आजार धरली जाते. तो आजार फॉर्ममध्ये लपवला आणि पडून मांडीचं हाड मोडलं, तर दावा फेटाळायला तेवढं कारण पुरतं. विचारायचं ते असं: आधीच्या आजारातून आलेला खर्च किती रकमेपर्यंत? जहाजावरून किनाऱ्यावरच्या रुग्णालयात हलवण्याचा खर्च धरला आहे का? वयाच्या सत्तरीनंतर रक्कम कमी होते का? जहाजावरच्या दवाखान्याचं बिल आधी स्वतः भरून मग विमा कंपनीकडे मागावं लागतं, त्यामुळे क्रेडिट कार्डाची मर्यादा मोकळी ठेवा. डॉक्टरांकडून एक पानी पत्र घ्या: आजार, औषधांची मूळ नावं, शस्त्रक्रियेत बसवलेला धातू. बदललेला गुडघा सुरक्षा तपासणीत दर वेळी वाजतो.

निघण्याचा दिवस

मुंबईत सप्टेंबर २०२५मध्ये उद्घाटन झालेलं नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरला आहे. पुण्याहून किंवा नाशिकहून त्याच सकाळी निघू नका. चार-पाच तास गाडीत बसलेले सुजलेले गुडघे घेऊन रांगेला लागण्यापेक्षा आदल्या रात्री मुंबईत मुक्काम परवडतो. विमानाने सिंगापूरला जाणाऱ्यांसाठी तर हा नियमच समजा: जहाज कुणासाठी थांबत नाही.

टर्मिनलच्या दारात हमाल मोठ्या बॅगा घेतात, टॅग लावतात आणि त्या केबिनमध्ये पोचतात संध्याकाळी, कधी रात्रीही. म्हणून औषधं, चष्मा, कवळी, डायपर, एक जादा कपड्यांचा जोड आणि चार्जर हे सगळं खांद्याच्या पिशवीत. आत गेल्यावर रांगेत उभं राहायच्या आधी मदत काउंटर शोधा. कॅमेरा, सही, पास यांत उभं राहण्याचा वेळ सगळ्यात जास्त जातो.

जहाजावर पाऊल ठेवल्यावर पहिल्या दोन तासांत तीन कामं. केबिन फॉर्मप्रमाणे आहे का बघा. नसेल तर लगेच रिसेप्शनला जा, जहाज सुटल्यावर बदलायला खोली उरत नाही. केबिन सांभाळणाऱ्या माणसाला नावाने ओळखून सांगा की रुग्णाला रात्री उठावं लागतं, फरशी ओली ठेवू नका, खुर्चीची जागा हलवू नका. तिसरं काम सुरक्षा कवायतीचं. २०१२च्या कोस्टा कॉनकॉर्डिया या क्रूझ जहाजाच्या अपघातानंतर आंतरराष्ट्रीय नियम कडक झाला आणि १ जानेवारी २०१५पासून ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते. आणीबाणीत लिफ्ट बंद होतात. “यांना जिन्यावरून कोण नेणार?” हा प्रश्न तिथल्या अधिकाऱ्याला थेट विचारा आणि केबिनचा क्रमांक मदत लागणाऱ्यांच्या यादीत लिहून घ्यायला सांगा. ही यादी प्रत्येक जहाजावर असते.

मग रोजचं जगणं सुरू होतं. जेवणाला दाराजवळचं टेबल मागा आणि सफर संपेपर्यंत तेच ठेवायला सांगा. बुफेत काठी धरून ताट सांभाळता येत नाही. कर्मचाऱ्याला सांगितलं की तो ताट आणून देतो. नाट्यगृहातला खेळ बघायला वीस-पंचवीस मिनिटं आधी जा, व्हीलचेअरच्या जागा दोन-चारच असतात. खेळ संपला की बसून राहा. लिफ्टपुढची झुंबड पंधरा मिनिटांत ओसरते. पोहण्याच्या तलावाला उतरवण्याची खुर्ची आहे का, हेही पहिल्याच दिवशी विचारा. ती बऱ्याचदा कुलपात असते आणि किल्ली असणारा माणूस दुपारच्या सुट्टीवर.

किनाऱ्यावर

क्रूझ कंपनीच्या सहलीच्या माहितीत ‘सोपी चाल’ असं लिहिलेलं असतं. त्यातून बसची पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच आहे हे कळत नाही. विचारायचे प्रश्न: बसला लिफ्ट आहे की पायऱ्या, मिटलेली खुर्ची ठेवायला जागा आहे का, शौचालय किती अंतरावर. उत्तर पटलं नाही तर स्वतःची गाडी करा, पण जहाजावर परतायच्या वेळेआधी दोन तास मोकळे ठेवा. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी नाही. फुकेतची घड्याळं सिंगापूरपेक्षा एक तास मागे असतात. मोबाइल आपोआप वेळ बदलतो, जहाज बदलेलच असं नाही. जहाजाची वेळ मनगटी घड्याळात लावून ठेवा.

सिंगापूर खुर्चीवाल्यांसाठी सरळ शहर आहे. मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनला लिफ्टची वाट आहे, मरिना बे क्रूझ सेंटरजवळच मरिना साऊथ पिअर स्टेशन आहे. पेनांगच्या जुन्या गावात मात्र दुकानांपुढच्या छपराखालच्या पडव्यांना भुलू नका. सावली छान, पण दर दुकानापाशी पातळी बदलते, मध्येच पायरी, मध्येच लावलेली दुचाकी. खुर्ची रस्त्याच्या कडेने न्यावी लागते, त्यापेक्षा गाडीतून फेरी मारून एक-दोन ठिकाणी उतरणं बरं.

गोव्यात मुरगावहून पणजी तीस किलोमीटरच्या आसपास. एका दिवसात जुनं गोवं, मंगेशी आणि किनारा असं सगळं कोंबू नका. वाळूत व्हीलचेअरचं पुढचं चाक रुततं आणि ढकलणाऱ्याची कंबर जाते. कोचीत फोर्ट कोचीचा भाग सपाट आहे, आणि तिथली २०२३मध्ये सुरू झालेली वॉटर मेट्रो बघण्यासारखी: तिचे धक्के पाण्यावर तरंगतात, बोटीच्या पातळीबरोबर वर-खाली होतात, त्यामुळे खुर्ची सरळ आत जाते. टेंडरमध्ये जे कठीण तेच इथे सोपं कसं केलंय, ते डोळ्यांनी दिसतं.

एखाद्या बंदरात रुग्णाने जहाजावरच राहायचं ठरवलं तर हळहळू नका. सगळे उतरून गेल्यावर डेक मोकळा, लिफ्ट मोकळी, तलाव रिकामा. उलट त्या दिवशी सांभाळणाऱ्याने एकट्याने दोन तास बाहेर जाऊन यावं. रुग्णाच्या हातात केबिनच्या फोनवरचा मदतीचा आकडा, पाणी, दुपारची गोळी आणि शौचालयाच्या वाटेवर काही अडसर नाही, एवढं बघून निघा. दोघंच असाल तर असे दोन तास सफरीत निदान एकदा आधीच ठरवून ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी चिडचिड सुरू होते.

उतरण्याची सकाळ

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात. कपडे, बूट, काठी, औषधं आणि कवळीचा डबा आत राहिलाय का, हे दोघांनी मिळून मोजा. सगळे कपडे बॅगेत गेले आणि सकाळी नाइटड्रेसमध्ये उतरायची वेळ आली, असं खरंच होतं. मदत हवी असणाऱ्यांना एका ठरलेल्या लाउंजमध्ये बोलावतात आणि तिथून गटाने नेतात. ही वेळ आदल्या दिवशी रिसेप्शनला नोंदवा. बिल रात्रीच तपासा, सकाळी त्या काउंटरपुढे सगळ्यात लांब रांग असते. सिंगापूरहून परतीचं विमान दुपारी दोनच्या आधीचं घेऊ नका. खुर्ची घेऊन इमिग्रेशन, सामान, टॅक्सी आणि विमानतळ यांत सकाळ कशी जाते कळत नाही, आणि विमान कंपनीला खुर्चीसाठी केलेली विनंती परतीच्या तिकिटावर वेगळी नोंदवलेली असावी लागते.